उसना आजा

गुणवंतरावांना पाणी हवं असलं तर ते उठत नाहीत, खाकरतात. ते खाकरणं पाण्याचं आहे, चहाचं आहे की तंबाखूची डबी सापडत नाही म्हणून आहे, हे चुलीपाशी बसल्या बसल्या सुगंधाबाईनं ओळखायचं. लग्न झाल्यापासून ती ओळखत आली होती. असा हा माणूस दिवाळीनंतर दर शनिवारी सकाळी गावातल्या शाळेत जाऊन पोरांना स्वतःचं काम स्वतः करायला शिकवत होता, आणि त्याचं गावात कोणालाही हसू येत नव्हतं.

ही कल्पना दिव्यानी मॅडमची. पोरगी गुणाची, नवीनच लागलेली, वरोऱ्याकडची. जुन्या लोकांजवळचं ज्ञान त्यांच्याबरोबर चाललंय असं तिच्या मनानं घेतलं आणि शनिवारी दप्तराला सुट्टी देऊन तिनं ‘आजोबांचा तास’ सुरू केला. आता सिंदेवाहीच्या अलीकडच्या त्या एवढ्याशा गावात आजोबा मिळून किती असणार. एकाला ऐकू येत नव्हतं, एकाचा सकाळीच मोहाच्या दारूनं तोल जायचा. उरले गुणवंतराव. पांढऱ्या मिशा, स्वच्छ धोतर, खणखणीत आवाज. आजोबा म्हणून भिंतीवर लावावा असा माणूस. ते धोतर कोण धुतं हे मॅडमनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी गुणवंतरावांनी काय सांगितलं असतं ते सुगंधाबाईला पाठ होतं.

खोटं कशाला बोला, पहिले काही शनिवार बरे गेले. विळ्याला धार कशी लावायची, धानाच्या बांधीतून पाणी कुठून सोडायचं, बैलाच्या गळ्याला गाठ कोणती मारायची, हे त्यांनी शिकवलं आणि ते त्यांना येत होतं. शेतात गुणवंतराव आळशी नव्हते. त्यांचा आळस घराच्या उंबरठ्यापासून सुरू व्हायचा. पण शेतातलं सांगून संपलं. मग सुरू झाली बडबड, आणि प्रत्येक बडबडीच्या आधी एकच पालुपद, “माझा आजा सांगे.”

माझा आजा सांगे, जेवणाचं ताट आपलं आपण धुवावं. माझा आजा सांगे, रस्त्यात काटा दिसला तर उचलावा. पोरं मान डोलवायची आणि मॅडम फोनवर सगळं रेकॉर्ड करायची.

हा आजा गुणवंतरावांचे वडील रांगत होते तेव्हाच बांधावर साप चावून मेला होता. त्याला गुणवंतरावांनी पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या बापाला तो आठवत नव्हता. अक्षय तृतीयेला पितरांना घास टाकायची वेळ आली की नाव काय घ्यायचं यावरून गुणवंतराव आणि त्यांचे थोरले भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे. एक म्हणायचा सीताराम, दुसरा म्हणायचा नाही, सखाराम. शेवटी दोन्ही नावांनी घास टाकून मोकळे व्हायचे. असा हा बिननावाचा आजा आता दर शनिवारी बोलायला लागला होता, आणि बोलायला लागल्यावर थांबायचं नाव घेत नव्हता.

सुगंधाबाई मनात हसायची आणि सोडून द्यायची. घरात तोंड चालतंच, बाहेर चालू दे, तेवढीच घराला शांतता, असं तिचं गणित होतं.

पौष लागला आणि आरमोरीकडून तिचा भाचा लोकेश मोटारसायकलवर आला. मंडईचं बोलावणं घेऊन आला होता. झाडीपट्टीतल्या गावांत धान घरात आलं की मंडई भरते, लेकीबाळी, बहिणी, पाव्हणे घरोघरी येतात, रात्री नाटक असतं. सुगंधाबाईच्या माहेरची मंडई मोठी. तिला तिथं जाऊन किती वर्षं झाली याचा हिशोब तिनं सोडून दिला होता, कारण हिशोब केला की रडू यायचं. भावंडांत आता एकटा धाकटा देवराव, लोकेशचा बाप, राहिला होता. पावसाळ्यात त्याला लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. तेव्हाही तिला जाता आलं नव्हतं. “बरा होईन तो, मग जाजो निवांत,” असं गुणवंतराव म्हणाले होते.

लोकेश चहा घेता घेता म्हणाला, “आत्या, बाबा म्हणते यंदा तुले यावंच लागते. पुढच्या मंडईले मी असो का नसो म्हणते. नुस्ते रडून राह्यले.”

सुगंधाबाईनं गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतराव खाटेवर मोठ्या मनानं पाय हलवत बसले होते.

“जाऊ दे ना,” ते लोकेशला म्हणाले. “मी काय बांधून ठेवलं तिले? माझ्या जेवणाचं तेवढं करून जाय म्हणा.”

हे वाक्य ऐकायला किती साधं. पण सुगंधाबाईला त्याची सगळी कुलपं माहीत होती. गुणवंतराव शिळं खात नाहीत. शेजारी जेवत नाहीत, कारण बायको असून दुसऱ्याच्या दारात ताट धरलं तर इज्जत जाते. हॉटेलचं त्यांच्या छातीत जळजळतं. मुलगा बल्लारपूरला असतो, पण सुनेला नोकरी आहे, ती इथं येऊन बसणार नाही, आणि तिथं हे जात नाहीत, कारण फ्लॅटमध्ये संडास स्वयंपाकघराला लागून आहे आणि त्यामुळे म्हणे त्यांना घास गिळवत नाही. आता यातून जेवणाचं करून कसं जायचं ते सांगा. नाही म्हणायचं नाही, आणि जाऊही द्यायचं नाही, ही विद्या मात्र गुणवंतरावांना कोणत्याही आज्यानं शिकवली नव्हती. ती त्यांची स्वतःची कमाई होती.

“पाहते,” ती लोकेशला म्हणाली. “शनिवारच्या एसटीनं निघता आलं तर येते. नाई तर बाबाले सांगजो, तुही बाई इथूनच याद करते म्हणून.”

शुक्रवारी संध्याकाळी मात्र नवल घडलं. ती चुलीवर भात ठेवून बसली होती आणि गुणवंतराव आपणहून आत आले. पाट ओढला. चुलीपाशी बसले. या घरात तो माणूस चुलीपाशी शेवटचा कधी बसला असेल, तर लग्नानंतर देवाला नैवेद्य दाखवताना.

“काय वो,” ते म्हणाले, “भात झाला का नाई, हे कसं समजते?”

सुगंधाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.

“काऊन?”

“सांग ना. पाणी किती टाकते? आच किती ठेवते?”

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. माणूस खरंच विचारत होता. आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. परवा लोकेशला हा म्हणाला ना, माझ्या जेवणाचं करून जाय. आता हा शिकायला बसला. मी जावं म्हणून बसला. मोठ्यानं म्हणवत नाही, जीभ वळत नाही, पण बसला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते धुरावर ढकललं. एवढं वय झालं, या माणसाची नस अन् नस माहीत, तरी बाई फसली. आशा लागली की शहाण्या बाईचीही अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

मग तिनं मन लावून सांगितलं. आणि सांगताना तिच्या तोंडून तिचा आजा निघाला.

तिची आजी लवकर गेली होती. आईबाप दिवसभर दुसऱ्याच्या बांध्यांमध्ये राबायचे. घरात राहायचे आजा, सुगंधा आणि लहानगा देवराव. आज्यानं कंबर बांधली आणि चूल हातात घेतली. गाव त्याला बायल्या म्हणून चिडवायचं. तो ऐकून घ्यायचा आणि भाकर उलटायचा. दोन्ही नातवंडांना त्यानं चुलीच्या दोन बाजूंना बसवून शिकवलं.

“माझा आजा सांगे,” ती म्हणाली, “पोरगा असो का पोरगी, ज्याले भूक लागते त्याले चूल आली पाहिजे. तांदूळ धुवून टाकावा, त्याच्यावर बोट उभं ठेवावं अन् पहिल्या पेरापर्यंत पाणी घ्यावं. जुना तांदूळ असन तर थोडं वर. उकळी आली का लाकडं मागं ओढावी. वरचं शीत पाहू नाई, ते फसवते. पळीनं मधातलं काढावं, दोन बोटात दाबावं. आत कणी लागली तर झाकण ठेवून थोडा दम धरावा. माझा आजा म्हणे, घाई केली तर वरचे लोक जेवते अन् खालचे करपलेलं खाते.”

“कोणतं पेर? हे?” गुणवंतरावांनी बोट पुढे केलं.

“हे.” तिनं त्यांच्या बोटाला हात लावून दाखवलं.

त्यांनी सगळं पुन्हा एकदा म्हणून घेतलं, गावानं बायल्या म्हटल्याचंही विचारलं, आणि पोटभर जेवून उठले.

सकाळी उठून सुगंधाबाईनं पिशवी भरली. दोन लुगडी, देवरावसाठी लाखोळीची डाळ आणि मुरमुऱ्याचे लाडू. गुणवंतराव शाळेत गेल्यावर तिनं तांदूळ निवडून भाताच्या पातेल्यात, गंजात, काढून ठेवला, वांगी चिरून पाण्यात टाकली, काडेपेटी चुलीजवळ ठेवली. नवशिक्या माणसाला अडू नये म्हणून लाकडंही बारीक फोडून ठेवली. तेवढ्यात खुंटीवर चष्मा दिसला. विसरला होता. एसटी शाळेसमोरच थांबते. तिनं पिशवी खांद्याला लावली, चष्मा हातात घेतला आणि निघाली. चष्मा द्यायचा, जाते म्हणून सांगायचं, आणि बसायचं. मनात नुसता आनंद होता, लपवता येत नव्हता.

शाळेच्या खिडकीपाशी ती थांबली, कारण आतून आवाज येत होता.

गुणवंतराव खुर्चीवर बसले होते. समोर खिचडीच्या खोलीतून आणलेला रिकामा गंज. पोरं खाली सतरंजीवर. रिकाम्या गंजात बोट उभं धरून गुणवंतराव सांगत होते.

“माझा आजा सांगे, पोरगा असो का पोरगी, ज्याले भूक लागते त्याले चूल आली पाहिजे.”

सुगंधाबाईनं खिडकीचा गज धरला.

“पहिल्या पेरापर्यंत पाणी. माझ्या आज्याले गावातले लोक बायल्या म्हणत. पण त्यानं कोणाचं ऐकलं नाई. मले चुलीच्या एका बाजूले बसवे, माझ्या भावाले दुसऱ्या बाजूले. वरचं शीत पाहू नाई, फसवते. मधातलं काढावं.”

एकही शब्द सांडला नव्हता. कालचा तिचा आजा, त्याच्या चुलीसकट, त्याच्या अपमानासकट, गुणवंतरावांनी उचलून आपल्या घराण्यात नेऊन बसवला होता. त्या सापानं खाल्लेल्या बिननावाच्या माणसाच्या अंगावर तिच्या आज्याचं धोतर चढवलं होतं. देवराव चुलीपाशी बसायचा ती जागासुद्धा त्यांनी आपल्या थोरल्या भावाला देऊन टाकली, ज्या भावाला चहाची पत्ती कोणत्या डब्यात असते हे मरेपर्यंत कळलं नाही.

म्हणजे काल जी शिकवणी झाली ती यासाठी. तिच्या जाण्यासाठी नाही. शनिवारचा माल संपला होता म्हणून. आणि तिनं लाकडं बारीक फोडून ठेवली होती. स्वतःचीच तिला अशी किळस आली की दोन पावलं मागं सरकून तिथंच थुंकावं वाटलं.

तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, “आबाजी, तुम्ही घरी करता का भात?”

गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. “करतो ना. रोजचाच. आजी थकली आता. मी म्हणतो, तू बस, मी पाहतो.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिव्यानी मॅडमनं ओढणीनं डोळे टिपले. “पाहा मुलांनो,” ती म्हणाली, “याला म्हणतात संस्कार.”

सुगंधाबाई तशीच पिशवीसकट वर्गाच्या दारात गेली. गुणवंतरावांचं बोट अजून रिकाम्या गंजात होतं, ते तिथंच राहिलं. बायकोच्या चेहऱ्यावर राग असता तर त्यांना कळला असता, रागाची त्यांना सवय होती. राग नव्हता. ती त्यांच्याकडे बाजारात किडकं वांगं परत ठेवतात तसं पाहत होती.

“या ना आजी,” मॅडम लगबगीनं पुढे आली. “आत्ताच तुमचं नाव निघालं.”

“ऐकलं मी,” सुगंधाबाई म्हणाली. “हा चष्मा विसरले होते, तो द्याले आली. मॅडम, मी माझ्या भावाकडं चालली, मंडईले. आबाजीच्या जेवणाचं कसं होईन याची मले मोठी चिंता होती. आता काही नाई. रोजचाच करते ना ते भात.”

गुणवंतराव खाकरले. हे कशाचं खाकरणं आहे ते तिला लगेच कळलं. पण ओळखायचं काम तिनं त्या दारातच सोडून दिलं.

“अवो, पण…” ते म्हणाले.

“काय?” तिनं विचारलं.

सगळी पोरं आबाजींकडे पाहत होती. मॅडम पाहत होती. फोन अजून चालूच होता. गुणवंतरावांनी गंजातलं बोट काढून धोतराला पुसलं. ज्या कुलपानं इतकी वर्षं दार बंद ठेवलं होतं त्याची किल्ली त्यांनी स्वतःच्या हातानं, टाळ्यांच्या गजरात, दाराबाहेर फेकली होती.

“काही नाई,” ते म्हणाले. “जाय. सांभाळून जाय.”

“आबाजी,” मॅडमला आणखी एक कल्पना सुचली, तिला त्या सुचतच असत, “मग उद्या रविवारी मी पोरांना घेऊन तुमच्याच घरी येऊ का? प्रत्यक्ष चुलीवर दाखवा. चालेल ना?”

“त्यायले काय न चालाले,” सुगंधाबाईच म्हणाली. “सगळं काढून ठेवलं आहे. फक्त पेटवाचं आहे.”

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. ती निघाली. मागे वळून पाहायची तिला गरज वाटली नाही. मागे काय आहे ते तिनं नीट पाहून घेतलं होतं.

आरमोरीला लोकेश घ्यायला आला होता. घरात पाव्हण्यांची ही गर्दी. अंगणात मोठ्या चुलीवर गंज चढलेले, बायका पोळ्या लाटत होत्या, ध्वनिक्षेपकावर रात्रीच्या नाटकाची घोषणा चालू होती. देवराव पडवीत खुर्चीवर होता. अर्धा झाला होता तो. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. बहिणीला पाहून त्याचं तोंड एका बाजूनंच हसलं आणि दोन्ही डोळ्यांनी रडलं. ती त्याच्याजवळ खाली बसली आणि तिनं त्याचा तो हात आपल्या हातात घेतला. तिला वाटलं, आणखी एक वर्ष त्या माणसाच्या खाकरण्यात घालवलं असतं तर हा हात धरायलाही मिळाला नसता. आणि धरायचा तो कशासाठी सोडला होता? एका गंजभर भातासाठी.

रविवारी सकाळी देवराव हट्टाला पेटला. “बाई, मले चुलीपाशी ने. भात मी पाहतो.”

त्याचं बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. लोकेशनं आणि तिनं त्याला धरून अंगणातल्या चुलीपाशी बसवलं. ती दुसऱ्या बाजूला बसली. मधे गंज उकळत होता. ते दोघं असे शेवटचे बसले होते तेव्हा देवरावला अजून दुधाचे दात होते.

पळीनं तिनं मधलं शीत काढून त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर ठेवलं. त्यानं दाबलं.

तेवढ्यात लुगड्याच्या ओच्यातला फोन वाजला. गुणवंतराव होते. आवाज दबका, गोठ्यात लपून बोलत असावेत असा. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता.

“ऐक वो. पोरं येऊन बसली आंगनात. मॅडम बी आहे. पाणी पहिल्या पेरापर्यंत म्हणत होती तू, पण ते पेर वरून का खालून? अन् ते जुन्या तांदुळाचं काय म्हणत होती?”

“मी कुठी काही म्हणत होती?” सुगंधाबाई म्हणाली. “आजा म्हणत होता.”

“हो, हो. आजाच. काय म्हणत होता तो? लवकर सांग. इज्जत जाऊन राह्यली माझी इथी.”

सुगंधाबाईनं समोर पाहिलं. देवरावनं ते शीत अजून बोटांत धरलं होतं, डोळे मिटून, अगदी आज्यासारखं.

“तुमचा आजा तुमाले ठाऊक,” ती म्हणाली. “त्याले विचारा, सीताराम म्हणून हाक मारा, नाई तर सखाराम म्हणून. आमचा आजा इथी भात पाहून राह्यला. त्याले सवड नाई.”

तिनं फोन बंद करून ओच्यात खोचला.

“कोन होतं?” देवरावनं विचारलं.

“कोणी नाई. तू सांग, झाला का?”

“कणी आहे,” देवराव म्हणाला. “दम धर.”

तिनं गंजावर झाकण ठेवलं आणि चुलीतली लाकडं मागं ओढली.